सत्त्याण्णवच्या होळीची कॅसेट

वसमतच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तेव्हा खिडकीशेजारच्या सीटवर कुणीतरी बाहेरूनच रुमाल टाकून जागा धरली होती. मी रुमाल उचलला, नीट चौकोनी घडी केली, खिडकीच्या कडेला ठेवला आणि बसले.

"मॅडम, ती जागा माझी हाय."

मान वर केली. खांद्यावर पत्र्याची पेटी घेतलेला एक सावळा, उंच मुलगा उभा होता. केस विस्कटलेले, डोळ्यांत मात्र राग नव्हता... हसू होतं.

"तुमची नाही, रुमालाची होती. आणि रुमाल आहे की खिडकीत."

"मग मी रुमालाच्या शेजारी बसतो," असं म्हणून तो माझ्या बाजूला बसला आणि पेटी मांडीवर घेतली.

फेब्रुवारी होता. हळद शिजवायचे दिवस. गाडी गावाबाहेर निघाली तसा दोन्ही बाजूंच्या शेतांतून तो ओला, उग्र वास खिडकीतून आत येत राहिला. साखर कारखान्याच्या वळणावर अचानक उसाची बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि पेटी खाली पडली. कॅसेटी सगळ्या गाडीभर पसरल्या. कुणाच्या चपलेखाली, कुणाच्या पिशवीमागे. आम्ही दोघं वाकून गोळा करायला लागलो. एक कॅसेट मी उजेडाकडे धरली. आतल्या फितीवर पांढरी जाळी चढली होती.

"ह्यांना बुरशी लागलीय."

"सीट घेतली ती घेतली... आता कॅसेटीत पण खोड काढून राहिल्या व्हय?"

"खरंच सांगतेय. अशाच वाजवल्या तर फीत तुटेल. कुठं निघालात घेऊन?"

"नांदेडला. एक दुकानवाला पेनड्राइव्हमधी भरून देतो म्हणला."

"पेनड्राइव्हमध्ये भरणं म्हणजे जतन करणं नव्हे," मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते आपोआप बाहेर पडलं.

त्यानं कॅसेट माझ्या हातातून घेतली. "हे पाठ करून आल्या काय घरून?"

मी लाजले. आणि मग, का कोण जाणे, सगळं सांगितलं. मी कोमल, वसमतच्या एका वाचनालयात काम करते. जुने कागद, फोटो, आवाज संगणकात सांभाळून ठेवण्याचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. जगभर ते वापरणाऱ्यांचे त्या त्या भागातले गट आहेत, आणि हिंगोली, परभणी, नांदेड मिळून आमचाही एक गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची बैठक असते.

"किती माणसं हायत गटात?"

"...सात."

"सगळ्या जगात?"

"तीन जिल्ह्यांत!"

तो मोठ्यानं हसला. त्याचं नाव सुदाम राठोड. वसमतपासून दहा-बारा किलोमीटरवर टेकडीखाली त्याचा तांडा. लग्नाकार्यात स्पीकर लावायचा त्याचा धंदा होता. पेटीतल्या कॅसेटी त्याच्या वडिलांच्या, लालसिंग यांच्या. ते लेंगी म्हणायचे. लेंगी म्हणजे होळीला तांड्यावर म्हणतात ती गाणी. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"आवाज तेवढा राहिलाय," तो म्हणाला, "आन् त्याला बी बुरशी लागली म्हणता तुमी."

---

दुसऱ्या शनिवारी तो आला.

आमचा गट म्हणजे काय, तर वाचनालयाची मागची खोली, दोन जुने संगणक, चहाचा थर्मास आणि गटाचे प्रमुख अमृतराव. ते हिंगोलीचे निवृत्त मुख्याध्यापक. मोडी कागदांचे फोटो सांभाळतात. नरसीहून चंदाबाई यायच्या, त्यांच्याकडे गावातल्या जुन्या भजनांच्या फिती. बाकीचे कधी यायचे, कधी नाही.

अमृतरावांनी सुदामला समोर बसवून समजावलं, "हे बघा, सॉफ्टवेअर काय करतं? प्रत्येक फाइलीचा एक ठसा घेतं, अंगठ्यासारखा. मग तिच्या तीन प्रती तीन गावांत ठेवतं. दर महिन्याला ठसा ताडून बघतं. आत केसभर जरी बदल झाला, तरी ते ओरडतं. आपल्या गटाचा नियम एकच. जे आलं, ते तसंच ठेवायचं. गोड असो, कडू असो."

सुदामनं मान हलवली. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "कडू काहून म्हणले? तुमी चहा केलाय व्हय आज?"

त्या दिवशी हजेरीच्या वहीत सगळ्यांनी पूर्ण नावं लिहिली. मी माझं लिहिलं, कोमल माणिकराव इंगोले, आणि वही त्याच्याकडे सरकवली. तो बराच वेळ वहीकडे बघत होता. सही न करताच, फोन आलाय म्हणून उठला.

पुढच्या बैठकीला तो आला नाही. मला उगाचच खिडकीतून रस्त्याकडे बघायची सवय लागली. स्वतःवरच चिडले मी. गाडीत भेटलेला माणूस, त्याचं एवढं काय!

त्याच्या पुढच्या महिन्यात आला. पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "लई विचार केला. आलो."

"कॅसेटी द्यायला एवढा विचार?"

"कॅसेटीचा न्हाई केला," तो म्हणाला, आणि एवढं बोलून पेटी उघडायला लागला.

मग आमचे शनिवार सुरू झाले... आणि शनिवारांच्या मधले वारसुद्धा. कापसाच्या बोळ्यानं एकेक फीत पुसायची, नव्या डबीत गुंडाळायची, टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून वाजवायची. लालसिंगांचा आवाज खोलीभर पसरायचा. खरखरीत, उंच, मधेच हसणारा. मला त्यांची गोरमाटी बोली कळायची नाही. गाण्यासोबत त्याचा अर्थ नोंदवायचा असतो, म्हणून मी पेन घेऊन बसायची.

"ह्याचा अर्थ काय?"

सुदाम डोळे मिटून ऐकायचा. "म्हणतो... चष्मेवाली पोरगी लई शिस्तीची हाय, हसायचं असलं तर आधी अर्ज करा म्हणते."

मी तसंच लिहून घेतलं! त्या महिन्याच्या बैठकीत अमृतरावांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बंजाऱ्यांच्या पारंपरिक गाण्यात चष्मा?" चंदाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सुदाम छताकडे बघत होता. माझे कान तापले.

"खोटं का सांगितलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

"खोटं न्हवतं ते. गाण्यात न्हवतं, एवढंच."

पावसाळा सरता सरता एकदा त्यानं वडिलांची गोष्ट सांगितली. खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर रिपरिप चालली होती. सुदाम वर्षाचा असताना, सत्त्याण्णव सालच्या होळीच्या रात्री जवळच्या गावातल्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी लालसिंगला उचललं.

"बा म्हणत होता, मी रातभर तांड्यावर गात बसलो होतो. तांडा बी तेच म्हणत होता. पर तांड्याचं कोण ऐकतंय? त्या गावचा एक मोठा माणूस गाणं ऐकायला आमच्याकडं बसून होता. त्यो एक शबूद बोलला असता तर सुटला असता बा. त्यो म्हणला, मी त्या दिवशी तांड्यावर गेलोच न्हाई."

"मग?"

"आठ महिने आत. सुटून आला, पर मग गायलाच न्हाई कधी. मी शाळेत गेलो तवा गुरुजी हजेरीत नाव घ्यायचे, आन् पोरं पाठीमागून म्हणायची, 'चोराचं पोरगं'."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं हात काढला नाही. पण माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं... मला वाटलं, ती प्रेमाची नजर आहे. होतीच. पण तिच्यात आणखी काहीतरी होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

---

दिवाळी झाल्यावर त्यानं शर्टाच्या खिशातून एक कॅसेट काढली. डबीवर लालसिंगांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'होळी ९७'.

"ही राहिली होती," तो म्हणाला. "ही तू एकटीनं कर. मला ऐकवू नको आधी."

"का?"

"असंच. लई खराब झालीय. निघाली तर निघाली... न्हाई निघाली तर न्हाई. मी काही म्हणणार न्हाई."

मी दोन दुपारी ती पुसत होते. तिसऱ्या दुपारी कानाला हेडफोन लावून वाजवली. डफ, पायांतल्या घुंगरांचे आवाज, बायांचं हसणं. लालसिंग म्हणाले, सत्त्याण्णवच्या होळीचं आजचं पहिलं गाणं. मग दुसरं, तिसरं. आणि मग ते मराठीत म्हणाले, "आता ही मालक माणिकराव इंगोल्यांची फर्माइश!"

आणि एक आवाज. "वा रे लालसिंग! म्हण, म्हण. आता उजाडेपर्यंत मी काही इथून उठत नाही."

मग खोकला. दोनदा, थांबून एकदा. तो खोकला मी जन्मापासून ऐकत आलेय.

हेडफोन काढून मी टेबलावर ठेवला. खोलीत आवाज नव्हता, तरी मला तो ऐकू येत होता. फाइल फक्त माझ्या समोरच्या संगणकात होती. अजून ठसा घेतला नव्हता, प्रती गेल्या नव्हत्या. फीत बुरशीनं खाल्लेली. 'नाही निघाली' एवढे दोन शब्द पुरले असते. आणि मग...? मग सुदाम माझा. घरात वादळ झालं असतं जातीवरून, पण ते निभावलं असतं. बाबांची मी लाडकी होते.

मी गावी गेले. बाबा वावरात हळदीच्या सऱ्यांमधून पाणी सोडत होते. मी बांधावर उभं राहून मोबाइलवर तेवढा तुकडा लावला.

बाबा खाली वाकलेले होते, ते तसेच राहिले.

"बाबा, हा आवाज तुमचा ना?"

पाणी एका सरीतून भरून दुसरीत जायला लागलं, तरी त्यांनी दारं मोडून पाणी वळवलं नाही. शेवटी बांधावर येऊन बसले.

"मोटार सोनाजीनं नेली होती," ते म्हणाले. सोनाजी म्हणजे माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ. ते वारून चार वर्षं झाली. "मला सकाळीच कळलं. मी तांड्यावर होतो म्हणलं असतं, तर लालसिंग सुटला असता. मग पोलीस दुसऱ्याला हुडकत घरी आले असते. भाऊ होता माझा, कोमल. पाठचा."

"आणि ते कोण होते?"

ते बांधावरची ढेकळं हातानं फोडत राहिले. मी माझ्या बाबांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

"तांड्यावर चला बाबा. त्यांची बायको जिवंत आहे. एकदा सांगा तिला."

"आता ह्या वयात? लोकांत मान खाली घालू?" ते उठले. "तू ते पुसून टाक. एक बटण तर दाबायचं तुला."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन मी एक बटण दाबलं. ठसा घेतला गेला. एक प्रत वसमतला, एक हिंगोलीला, एक नांदेडला. आता ती पुसणं माझ्याही हातात नव्हतं. मग सुदामला फोन केला.

तो आला. वाचनालयाच्या मागच्या पायरीवर आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं... रडत, अडखळत. आवाज कुणाचा, मोटार कुणी नेली, बाबा काय म्हणाले. तो खाली बघत ऐकत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू कोणाची लेक ते. हजेरीच्या वहीत तुझं नाव वाचलं त्याच दिवशी. घरी जाऊन सगळ्या कॅसेटी माळ्यावर टाकल्या. दोन महिने आलो न्हाई. मग... राहवलं न्हाई, म्हणून आलो."

"आणि ही कॅसेट?"

"त्या रातची हाय, एवढंच याडी सांगायची." याडी म्हणजे त्याची आई. "आत काय निघंल, अंदाज होता. म्हणून तुझ्याकडं दिली. तुला पुसायची असली तर तुझ्या हातानं पुसली जावी. मी म्हणलं असतं, बुरशीनं गेली. आन् पुढच्या शनिवारी तुला लग्नाचं विचारणार होतो."

"सुदाम... मी पुसली असती, तर आपण...?"

"व्हय."

"मग आता?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आता ती हाय ना, कोमल. बा खरं बोलत होता, ते हाय तिथं. आता मला गप बसता येत न्हाई."

आत बैठक सुरू झाली होती. चंदाबाईंनी दोनदा हाक मारली. आम्ही उठलो नाही.

---

होळीच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तांड्यावर ती कॅसेट वाजवायचं ठरलं होतं, आजूबाजूच्या गावांतली माणसंही येणार होती. "तू म्हणशील तर तुझ्या बाबांचा आवाज काढून टाकतो. नुसतं गाणं लावतो. तारीख तर बानं सांगितलीच हाय."

"नुसत्या तारखेनं कोण मानेल?" मी म्हणाले. "जसं आहे तसं लाव."

"तुझं घरी..."

"जसं आहे तसं."

बाबांना मी पुन्हा एकदा चला म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी एकटीच गेले.

ऊन कलतं होतं. तांड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसं दाटली होती. सुदामनं त्याचे स्पीकर दोन बाजूंना लावले होते. अमृतराव एवढ्या उन्हातून हिंगोलीहून आले होते. गटाचा माणूस म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं की ही फीत कशी आली, कशी सांभाळली, आणि हिच्यात कुणी काही घातलं-काढलेलं नाही. मग लालसिंग गायला लागले.

म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. आणि मग तो आवाज आला. "आता उजाडेपर्यंत मी काही इथून उठत नाही." गर्दीतून एक लांब कुजबुज गेली. आमच्या गावच्या दगडोबानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. नेमसिंग म्हणून तांड्याचे म्हातारे नाईक उठून उभे राहिले. गावकऱ्यांकडे बोट करून एवढंच म्हणाले, "आमी सत्तावीस वर्षं हेच सांगून राहिलो होतो."

सुदामची आई, जिवनबाई, सगळ्यांत पुढे बसली होती. ती रडली नाही. नवऱ्याचं गाणं संपेपर्यंत स्पीकरच्या लाकडाला तळवा लावून बसली.

नंतर सुदाम मला त्याच्या टेम्पोच्या मागे भेटला. स्पीकरच्या वायरी गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

"याडीला तुझ्याबद्दल सांगितलं," तो म्हणाला. "ती न्हाई म्हणाली न्हाई. म्हणली, पोरगी सोन्यासारखी हाय. पर सणासुदीला तिचा बाप व्याही म्हणून माझ्या दारात येईल. त्याला मी पाणी कसं देऊ? मला देता न्हाई येणार, आन् न्हाई दिलं तर, सुदाम, तुझ्या बायकोचं काळीज तुटंल."

मी त्याच्या हातातली वायर धरली.

"मी घर सोडून येईन, सुदाम. बाबांशी तसंही आता..."

"न्हाई." त्यानं पहिल्यांदाच माझा चेहरा हातात धरला. तळव्यांना वायरीचा वास होता. "बाप असून नसल्यासारखं जगणं काय असतंय, मी बघितलंय. ते तुझ्या वाट्याला माझ्यापायी नको. आज ना उद्या जाशील त्यांच्याकडं. तुझ्याशिवाय हाय कोण त्यांना?"

"आणि तू?"

"मी..." तो हसायला गेला, जमलं नाही. "एवढ्या दिवसांत एकदा बी म्हणलो न्हाई तुला. माझा जीव हाय तुझ्यावर, कोमल. त्या गाडीतल्या दिवसापासून."

"माझाही आहे."

"तेवढं बस झालं मग," तो म्हणाला. ते बस होणार नव्हतं, दोघांनाही माहीत होतं.

मैदानात डफ वाजायला लागला होता. बाया हातात हात घालून गोल धरत होत्या. मी निघायला म्हणून वळले, तर समोर जिवनबाई उभी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काही न बोलता माझं मनगट धरलं आणि मला त्या गोलात ओढलं. मला पावलं येत नव्हती. मी चुकत होते, अडखळत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मात्र माझ्या कानाशी पावलं मोजत राहिली, एक... दोन... वळ... आणि त्या खरबरीत हातानं धरलेलं माझं मनगट अंधार पडेपर्यंत तिनं सोडलं नाही.